पंपासमोरचा माणूस

उकंडरावांनी भिंग फोटोवर टेकवलं, एक डोळा मिटला आणि फोटोतल्या माणसाला म्हणाले,

"बाजूले सरक बे."

समोरच्या खुर्चीवरच्या नूरजहांबाईंनी पदर सारखा केला.

"माहे अब्बा हायेत ते, भाऊ."

"असतीन. पण उभे कुठं राह्यले पाहा ना! अख्खं इंजिन सोडून बरोबर पंपासमोर."

डोणगावात रेल्वे नाही. तरीही, किंवा म्हणूनच, आयटीआयमधून फिटरचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून उकंडराव दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी घाईघाईने बनवलेल्या एका नॅरोगेज इंजिनाची पितळी प्रतिकृती करत होते. सगळं झालं होतं. राहिला होता तो उजव्या बाजूचा, बॉयलरला पाणी चढवणारा पंप. लढाईतल्या काटकसरीत तो काही इंजिनांना मिळाला, काहींना नाही. या इंजिनाला होता की नव्हता, हे दाखवणारा फोटो कुठेच सापडत नव्हता. आणि डोळ्यांनी न पाहिलेलं काही बसवायचं नाही, हा उकंडरावांचा नियम होता.

मॉडेलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुण्याच्या एकाने सुचवलं होतं, 'लावून टाका हो काका, कोण बघतंय?' उकंडरावांनी ग्रुप सोडला. तिथले लोक इंजिनाशेजारी प्लास्टिकची माणसंही उभी करत; एखादा चहा पिताना, एखादा हात हलवताना. अशांनी गणपतीची आरास करावी, इंजिनाला हात लावू नये, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. त्यांच्या कामाला खेळणं म्हणणाऱ्या गावाबद्दलचं मत तर छापण्याजोगंही नव्हतं.

मागच्या गल्लीतल्या नूरजहांबाईंच्या भिंतीवर असा फोटो आहे, ही बातमी त्यांच्या बायकोने, गीताबाईंनी आणली. इंजिन तेच निघालं. बाजूही तीच.

गीताबाई चहा घेऊन आल्या.

"आता कॉम्पुटरवर माणूस पुसून मागचं दाखवतात म्हणे."

नूरजहांबाईंचा कपाकडे गेलेला हात थांबला.

"पुसू नका, भाऊ. लढाईवरून धाडला होता. मी पाळण्यात होती. मंग ते आलेच नाहीत. एवढाच हाय."

"मशीन काय दाखवंल? आपल्या मनचा पंप काढंल अन् म्हणंल, घ्या!"

"म्हंजे पुसत नाही ना?"

"नाही."

उकंडरावांनी पुन्हा भिंग लावलं. या वेळी ते माणसाच्या टोपीपासून बुटांपर्यंत फिरवलं. शेवटी म्हणाले,

"फोटो काढणाऱ्यालेच अक्कल नव्हती."

आणि फोटो मोबाइलमध्ये टिपून, रुमालाने काच पुसून नूरजहांबाईंच्या हातात दिला.

दिवाळीनंतर गीताबाईंनी नूरजहांबाईंना बोलावणं धाडलं. टेबलावर इंजिन उभं होतं. उजव्या बाजूला, जिथे पंप असावा किंवा नसावा, नेमक्या तिथे बोटाच्या पेराएवढा एक माणूस पाठ टेकून उभा होता. खाकी कपडे, डोक्यावर टोपी.

"मंग पंप होता का नव्हता?" गीताबाईंनी विचारलं.

"मले काय माहीत? ते उभे हायेत ना मधात," उकंडराव खेकसले. "अन् हे बाहुलं नाही. फोटोत हाय तेच हाय."

नूरजहांबाई टेबलाशी वाकल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"टोपी तिरपी पाह्यजे, भाऊ."

"फोटोत सरळ हाय."

"फोटोसाठी साहेबानं करायले लावली असंल. अम्मी सांगे, ते तिरपीच घालत."

"तुमी पाह्यली?"

"मी कशी पाहीन?"

गीताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. ऐकीव माहिती घेऊन आलेल्या कित्येकांना या टेबलावरून चहाशिवाय परत जाताना त्यांनी पाहिलं होतं.

उकंडरावांनी चिमटा उचलला. टोपी अजून पक्की चिकटलेली नव्हती.

"किती तिरपी?"

नूरजहांबाईंनी तळहात स्वतःच्या कपाळावर आडवा धरला आणि हळूच उजवीकडे कलता केला.

"अम्मी अशी करून दाखवे."

उकंडरावांनी दुसऱ्या हाताने भिंग घेतलं आणि तो तळहात नीट पाहून घेतला.