बियाण्याच्या खोलीतला पाहुणा

"दार उघडायचं नाही मणजे? दार माझं, आतला भात माझा!"

कृष्णराव ओसरीवर कडाडले, पण घरातल्या तंजावरी मराठीत. अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या अश्विनला त्यातलं काही कळलं नाही. त्याच्याशी बोलायला तमिळ लागे, आणि तमिळमध्ये कृष्णराव फार गोड माणूस होत.

तंजावरकडच्या नाचियार्कोविल गावाबाहेर त्यांचं शेत. वायकालाला, म्हणजे शेताच्या पाटाला, पाणी सुटलेलं. बियाणं आज भिजलं तरच मोड येऊन वेळेवर रोपवाटिकेत पडणार. पाळी चुकली की पाणी शेजाऱ्याचं, आणि वर्षाचा भातही त्याचाच. आणि बियाणं तर खोलीत कोंडलेलं.

कोंडलं कोणी? बायकोनंच. बियाणं काढण्याआधी दाराला हळदकुंकू लावायची या घरची रीत. सकाळी वेंकटलक्ष्मी करंडा घेऊन गेली, तर कोठीच्या काठावर लांबोडकं तपकिरी जनावर बसलेलं. गळा असा पिवळाधमक, की कोणी आधीच हळद लावून ठेवलीय.

"मुंगूस! देवी पाठवलीय," म्हणत तिनं बाहेरून कडी घातली. आलेली लक्ष्मी जायला नको.

तिथवर ठीक होतं. पण पुतण्या रविशंकर कुंभकोणमच्या बँकेत नोकरीला, हातात सदा फोन. त्यानं खिडकीतून फोटो काढून जगाला पाठवला. दुपारी मोटारसायकलवर हा अश्विन हजर, कुठल्याशा वन्यजीव संस्थेचा.

"हे मुंगूस नव्हे. निलगिरी मार्टेन. वीझलच्या कुळातलं, डोंगरातलं. आम्हालासुद्धा सहसा दिसत नाही. लाकडाच्या लॉरीतून आलं असेल." मग त्यानं खिडकीवर चादर टांगायला लावली. "नाहीतर घाबरून मरायचं ते. चेन्नईहून आमचे साहेब येईपर्यंत दार उघडू नका. पळालं तर जबाबदारी तुमची."

"मी बोलावलों काय त्यास?" कृष्णराव बायकोवर उलटले. "कडी तू घातलीस, फोटो तुझा लाडका रवी काढला, आणि जबाबदारी माझी!"

"ओरडू नका हो. पाहुणा आलाय." ती पदर खोचत म्हणाली. "तो दार उघडू नका मणटला. कोठीचं तोंड उघडू नका असं कोण मणटला?"

कोठी मातीची, भिंतीत बांधलेली. वरून खोलीत उघडी, आणि खाली धान्य काढायचं तोंड मागच्या गोठ्यात. कृष्णराव पोती घेऊन धावले.

लाकडी बोळा काढला तसा भात सळसळत पोत्यात पडू लागला. बियाणं बहुतेक सगळं आलं आणि शेवटी धार अडली. वेंकटलक्ष्मीनं आत हात घातला, तो ऊन ऊन केसांना लागला.

"अय्यो!"

भोकातून आधी नाक आलं, मग पिवळा गळा, मग दोरी ओढावी तसं उरलेलं अंग. भाताच्या कोंड्यात माखलेल्या त्या जनावरानं तिच्याकडे एकदा पाहिलं, गायीच्या पोटाखालून गेलं आणि वायकालाकाठच्या बांबूत शिरलं.

"सांगू त्यास?" कृष्णरावांनी घाईघाईनं बोळा परत बसवला.

"सांगा की. जबाबदारी तुमचीच आहे."

बियाणं भिजलं. संध्याकाळी साहेब आले. दाराला कान लावून बराच वेळ उभे राहिले. "एकदम शांत. धसका घेतलाय," म्हणाले. पिंजरा आत नेला तर जिवाला धोका. त्याला सावरू द्यावं. त्यांनी कडीला स्वतःचं कुलूप घातलं, चावी खिशात टाकली, आणि चादरीआडून रोज केळी सोडायला सांगितली. घरात आवाज करायचा नाही.

केळी उंदीर खात. "छान खातोय," अश्विन रोज अंगणात बसून फोनवर साहेबांना सांगे.

रोपं हिरवीगार उठली. नांगराचा फाळ, पाट्या, खुरपी सगळं त्या खोलीत अडकलेलं. कृष्णराव दारोदार मागत फिरत. एका सकाळी त्यांचा संयम सुटला. "किती दिवस असं चोरासारखं राहायचं आपल्याच घरी?"

वेंकटलक्ष्मी चटकन उठली, त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोला. आत कोणी नाही, हे बाहेर कळेल."