परांचीवरची हाक

रुवैदाने तोंडात धरलेली शेवटची टाचणी नवरीच्या झग्याला टोचली आणि मान वर केली, तर खिडकीत एक बूट. बुटामागून पँटीचा पाय आला. नवरी किंचाळली, तिच्या आईने कापडाचे अख्खे ठाण लेकीच्या अंगावर ओतले आणि रुवैदाने मापाचा लाकडी गज उचलून त्या बुटावर हाणला.

"डोळे मिटलेत, ताई! देवाशप्पथ मिटलेत!" बाहेरून आवाज आला. "पण मिटल्या डोळ्यांनी खाली कसा उतरू?"

"चढलास तसाच!"

बूट चाचपडत खाली गेला. तो उस्ता शहाता होता, इजिप्तहून अम्मानला कामाला आलेला मुकादम. जबल हुसैन भागातल्या त्या इमारतीला पश्चिमेच्या बाजूने आज सकाळीच परांची लागली होती, आणि इतकी मोठी भिंत सोडून ती नेमकी रुवैदाच्या खिडकीपासून सुरू झाली होती.

नगरपालिकेचा नवा नियम आला होता. दुकाने-कचेऱ्या असलेल्या प्रत्येक इमारतीने भिंतींना ऊन अडवणारा थर लावायचा, खिडक्यांना दुहेरी काच बसवायची, विजेची उधळपट्टी थांबवायची. नाहीतर परवाना नाही. नियम चांगलाच होता. दुपारी त्या पश्चिमेच्या भिंतीवर रुवैदाला भाकरी भाजता आली असती. वाईट होते ते नियमाआड चाललेले. काम होईतो दुकान मोकळे करा, किल्ली द्या, मग खुशाल परत या, असे मालक गोड बोलून सांगत. तळमजल्यावरच्या नझीह घड्याळवाल्याने दिली होती किल्ली. आता तिथे फोनचे दुकान झगमगत होते आणि नझीह मशिदीच्या पायरीशी पेटी मांडून बसत होता.

नवरीला अजून धाप लागलेली असतानाच दार उघडले आणि इमारतीचा मालक अबू लैस आत आला. नेहमीसारखा, न विचारता. नवरी पडद्याआड पळाली.

"आत बायका असताना हाक द्यायची पद्धत विसरलात वाटतं," रुवैदा म्हणाली.

"स्वतःच्या इमारतीत कसली हाक? सित्त रुवैदा, ओसरी दिली तर तुम्ही हातपाय पसरले."

"दिली नाही. तुमच्या वडिलांनी माझ्याकडून पागडी घेतली, तीही दोनदा मोजून."

"नियम माझा नाही, सरकारचा आहे."

"नियमाशी माझं भांडण नाहीच. थर लावा, काचा लावा. भाजून तर मीच निघतेय इथे. पण मी या खुर्चीवर बसलेली असताना लावा."

अबू लैस हसला. "परांचीवर माझी माणसं आणि आत तुमच्या अर्ध्या कपड्यातल्या बायका. कोण येईल तुमच्याकडे? आठवडाभरात किल्ली स्वतः आणून द्याल. मी तर नगरपालिकेत सांगूनही टाकलंय, तुमचा हा दुसरा मजला रिकामा आहे म्हणून. एकदा कागदावर तसं लागलं की तुमचा हक्क संपला."

जाताना त्याने दार सताड उघडे टाकले.

रुवैदा घाबरली. घाबरण्यासारखेच होते. लग्नसराईच्या उन्हाळ्यावर तिचे अख्खे वर्ष निघत असे, आणि नवरीची आई पिशवी आवरत "आम्ही नंतर येतो" म्हणत होती. नंतर म्हणजे कधीच नाही, हे रुवैदाला पुरते ठाऊक होते. मग तिला राग आला, आणि रागाने भीतीला बाजूला सारले.

"उद्या या," ती त्या बाईला म्हणाली. "खिडकीत माशी जरी दिसली, तर झगा फुकट."

दोघी गेल्यावर तिने खिडकीतून खाली डोके काढले.

"ए उस्ता! उघडलेस का डोळे?"

"उघडले, ताई." शहाता पाय चोळत बसला होता.

"तुमच्या गावात बायकांच्या घरात पुरुष कसा शिरतो?"

"हाक देऊन. 'या सातिर' म्हणायचं. हे झाकणाऱ्या देवा! तेवढ्यात आतल्या बाया सावरून बसतात."

"मग माझ्या खिडकीनं काय पाप केलं? चढायच्या आधी हाक द्यायची. मी 'या' म्हटलं तरच चढायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर चहा प्यायचा. चहा माझा."

शहाताने जरा विचार केला. "साखर जास्त लागते आम्हाला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीला नवा करमणुकीचा खेळ मिळाला. खालून शहाता गळा फाडून "या सातिर!" ओरडे. वरून उत्तर आले नाही की त्याची माणसे बादल्या पालथ्या घालून त्यांवर बसत. रुवैदा बाह्या टाचे, घेर मोजे, नवरीच्या मावशीची मते ऐकून घेई, आणि सगळे झाकले गेले की मगच म्हणे, "या!"

"मजुरी मी देतो की ती देते?" अबू लैस खाली थयथयाट करी.

"तुम्हीच देता, मालक," शहाता शांतपणे म्हणे. "पण आत बाई असताना मी चढलो, तर गावाकडे आई मला दारात उभं करणार नाही."

मालकाने शहाताच्या जोडीला दुसरी टोळी आणली. तिचा मुकादम शहाताचा मावसभाऊ निघाला. त्याचा आवाज तर शहाताहून मोठा होता.

नवऱ्या पळाल्या नाहीत. उलट वाढल्या. जिच्या खिडकीखाली दहा गडी मान खाली घालून थांबतात तिच्याकडेच झगा शिवायचा, असे आया एकमेकींना सांगू लागल्या. अबू लैस गल्लीतून गेला की फळवाला टरबुजांवर फडके घालून ओरडे, "या सातिर!" आणि लोक पोट धरून हसत.

काम रखडत रखडत का होईना, झाले. भिंतीला थर बसला, खिडकीला दुहेरी काच आली. त्या दुपारी रुवैदाने कित्येक वर्षांत पहिल्यांदा पंखा बंद केला. तिने मनातल्या मनात मालकाला दुवाही दिली. तोंडावर दिली असती, तर त्याने किल्ली मागितली असती.

मग तपासणीचा दिवस आला. नगरपालिकेचा इन्स्पेक्टर, जाड चष्म्याचा, घामाघूम झालेला माणूस, एकेक खोली बघत अबू लैसबरोबर दुसऱ्या मजल्यावर पोचला.

"हा रिकामा, असं तुम्ही कळवलंय," तो म्हणाला.

"हो," म्हणत अबू लैसने दारावर हात ठेवला. आतून शिलाईचे यंत्र खडखडत होते.

हात तिथेच राहिला. इतकी वर्षे त्याने हे दार नुसते ढकलले होते. पण आत कोणाची तरी लेक उघड्या खांद्यांनी उभी असली, आणि आपण परक्या पुरुषाला घेऊन शिरलो, तर? फळवाला त्याला जन्मभर सोडणार नव्हता. आणि हाक दिली तर? रिकाम्या खोलीला कोणी हाक देत नाही. जिन्याखाली शहाताची माणसे अवजारे आवरायची थांबून वर बघत होती.

अबू लैसने हात काढून घेतला, घसा खाकरला.

"या सातिर," तो म्हणाला.

यंत्र थांबले. आत एकही गिऱ्हाईक नव्हते. रुवैदा एकटीच होती, डोक्यावर नीट रुमाल, समोर चहाचा पेला. तिने पेला उचलला, सावकाश एक घोट घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "आत बाई आहे."

इन्स्पेक्टरने चष्म्यावरून अबू लैसकडे पाहिले. "म्हणजे दुसरा मजला रिकामा नाही."

अबू लैस दाराकडे बघत राहिला. दार ढकलायला त्याचा हात पुन्हा वर झाला नाही.

"नाही," तो म्हणाला, आणि बोलावण्याची वाट बघत उभा राहिला.