गार वड्या

वसुधा कारखानीसांच्या घरी फ्रीज आला तो आईच्या इन्सुलिनसाठी. आई जानेवारीत गेली आणि फ्रीज रिकामा झाला. पाव पिशवी दूध, विरजणाचं भांडं आणि पाण्याच्या दोन बाटल्या, बस. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन वसुधाताईंना वर्ष झालं होतं. लग्न केलं नव्हतं. बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर आवाज असा तो फ्रीजचाच. तो मध्येच थांबला की त्या हातातलं काम सोडून कान द्यायच्या. पुन्हा सुरू झाला की त्यांना बरं वाटायचं.

तळमजल्यावर रत्नप्रभा सावंतचं पाळणाघर होतं. तिचा नवरा दत्ताराम संपात गिरणी सुटल्यापासून बाजारात फळांची गाडी लावायचा. एप्रिलमध्ये एका दुपारी रत्नप्रभा परात घेऊन दारात उभी राहिली. डाग पडलेली केळी, मऊ झालेले चिकू, पपईच्या दोन फाका.

"ताईनू, रात्रीपुरती जागा द्याल काय फ्रीजमधी? उद्याक टिकायचं नाय हे."

"अगं, केळी काळी पडतील त्यात."

"मग काय टाकून देऊ? खाली सात पोरं आहेत माझ्याकडे."

"ठेव तिथे. बघते मी काहीतरी."

त्या संध्याकाळी वसुधाताईंनी चिकूच्या बिया एकेक करून काढल्या, गर चाळणीवर घासला, केळं कुस्करून त्यात थोडी साय घातली. साखर नाही. आईमुळे बारा वर्षं त्या घरात साखरेचा डबा मागच्या फळीवरच होता, हात तिकडे जाईना. मग बर्फाच्या ट्रेमध्ये सगळं ओतलं. पपईचा वेगळा ट्रे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या वड्या वाटीत काढून खाली गेल्या. मुलं झोपेतून नुकतीच उठली होती, चेहरे सुजलेले. रत्नप्रभाची दोन वर्षांची नात शकु सगळ्यांत धीट. तिने वडी तोंडात घातली, डोळे गच्च मिटले, वडी हातावर काढून बघितली आणि पुन्हा तोंडात घातली.

"आन्की," ती म्हणाली.

झालं, त्या दिवसापासून चार वाजले की वसुधाताई खाली. दत्ताराम रात्री उरलेली फळं आणून द्यायचा, त्या सकाळी निवडायच्या, दुपारी घड्याळाकडे बघत बसायच्या. आंब्याच्या दिवसांत कोयीला चिकटलेला गरसुद्धा त्यांनी सोडला नाही. शकु तर जिन्यात त्यांची चाहूल लागली की ओरडायची, "गाऽऽर आजी आली!" उरलेल्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न होताच, पण चार ते साडेचारची सोय झाली होती.

दिवाळीनंतर सावंतांना दिंडोशीच्या वसाहतीत जागा मिळाली. मुलगा, सून, सगळे एकत्र राहणार. रत्नप्रभा निरोप घ्यायला वर आली तेव्हा रडली. वसुधाताई रडल्या नाहीत. "स्वतःची जागा झाली, चांगलं झालं," म्हणाल्या आणि तिच्या ओटीत नारळ घातला. पाळणाघरातली मुलं त्यांच्या आयांनी दुसरीकडे ठेवली. तळमजल्यावर बँकेतला एक मुलगा राहायला आला. तो सकाळी कुलूप लावायचा ते रात्री काढायचा.

वसुधाताईंची सवय मात्र जाईना. त्या बाजारातून चांगली केळी, चिकू आणायच्या आणि केळ्यांना डाग पडायची, चिकू मऊ व्हायची वाट बघायच्या. जानेवारीत फ्रीजरमध्ये ट्रे ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा एका शनिवारी त्यांनी रुंद तोंडाचा थर्मास भरला आणि दिंडोशीला निघाल्या. दोन बस बदलाव्या लागल्या, घर शोधण्यात अर्धा तास गेला.

रत्नप्रभाने दार उघडलं ती ओरडलीच. "अरे देवा, ताईनू! या, या. शकु, बघ कोण आलंय!"

शकु आजीच्या पदराआड गेली.

"गार आजी ना गं? विसरलीस?"

शकुने मान हलवली, नाही म्हणून. मग हो म्हणून. मग आत पळाली. आतून चार-पाच नव्या मुलांचा गलका येत होता. थर्मास उघडला तर आत पातळ काला झाला होता.

"राहू दे हो, पितील पोरं," रत्नप्रभा म्हणाली. "इथे पण करते मी, तुमच्यासारख्याच. मुलाने फ्रीज घेतला ना. फक्त साखर घालते जराशी. पटापट खातात मग."

"हो का," वसुधाताई म्हणाल्या. "छान."

चहा झाला. रत्नप्रभाने दहादा सांगितलं, येत जा, येत जा. तेवढ्यात आत कुणीतरी पडलं, रडायला लागलं, आणि तिला उठावं लागलं. वसुधाताईंनी थर्मास स्वतःच धुतला आणि निघाल्या.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. त्यांनी साडी बदलली, फ्रीजर उघडला आणि एक ट्रे नळाखाली धरला. आजवर त्यांनी बोटावर घेऊन चव पाहिली होती तेवढीच. आता चार वड्या वाटीत घेऊन खुर्चीवर बसल्या. दाताला फार गार लागलं, म्हणून वाटी मांडीवर ठेवून त्या विरघळायची वाट बघत राहिल्या. मग चमच्याने सावकाश खाल्ल्या. चिकूच्या होत्या. गोड होत्या, साखरेची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांनी दोनच केळी घेतली. पिकलेली, त्याच दिवशी खाण्याजोगी.