बदली झाल्यास वेढा तपासावा

मित्रांनो, मी एक जुनं पितळी होकायंत्र आहे. सध्या माझा मुक्काम सिंगापुरात, बेडोकच्या एका सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, साबुदाण्याच्या पापड्यांवर आहे. हसू नका. पापड्यांखालचा प्लास्टिकचा कागद पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून मला त्याच्या कोपऱ्यावर ठेवलेलं आहे. दिशा दाखवण्यात ज्याने हयात घालवली, त्याच्यावर म्हातारपणी ही वेळ आली. पण याच पापड्यांमुळे दोन माणसं वाचली, म्हणून मी त्यांच्यावर राग धरत नाही. राग धरायला मला दुसरे पुष्कळ आहेत.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यातला. आबांनी मला घेतलं तेव्हा मी नवाकोरा होतो आणि सोन्यासारखा चमकत होतो. आबा वनखात्यात सर्व्हेअर होते. जंगलाच्या हद्दी आखायच्या, रानोमाळ हिंडायचं, असं त्यांचं काम. मला तळहातावर आडवं धरायचं, काचेवर नखाने दोनदा टकटक करायचं आणि सुई शांत होईपर्यंत गप्प उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. बरोबरची माणसं उन्हात ताटकळायची, पण आबा हलायचे नाहीत. "त्याला थांबू दे, मग आपण निघू," असं ते म्हणायचे. मित्रांनो, इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. पृथ्वी आमच्या सुईला नुसती उत्तरेकडे ओढत नाही, खालीही ओढते. आपल्या देशात सुईचं उत्तरेचं टोक जरा खाली झुकतं. तोल राहावा म्हणून दक्षिणेच्या टोकाला तांब्याच्या बारीक तारेचा वेढा दिलेला असतो. पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात हे उलटं होतं. तिथे दक्षिणेचं टोक झुकतं, आणि त्यात वेढाही त्याच टोकाला असला तर ते टोक तळाला टेकतं आणि सुई अडकून बसते. आबांना हे पाठ होतं. त्यांच्या मुलाला मात्र हा वेढा शोभेचा वाटायचा.

मुलाचं नाव सुबोध. इथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत मॅनेजर आहे. आबा गेल्यावर त्याने मला डबीसकट इथे आणलं, एवढी माया त्याने केली. पण ठेवलं कुठे, तर फ्रीजवर, शोभेच्या लोहचुंबकांच्या शेजारी. होकायंत्राला चुंबकाजवळ ठेवणं म्हणजे गवयाला लाउडस्पीकरच्या तोंडाशी बसवण्यासारखं आहे. अकरा वर्षं मी तिथे भ्रमिष्टासारखा गरगरत होतो आणि घरात कोणाला त्याचं काही नव्हतं.

मग या वर्षी एप्रिलमध्ये सुबोधच्या डोक्यात शिकारीचं खूळ शिरलं. ऑफिसातला त्याचा मित्र संजीव, मूळचा मुंबईचा, त्यानेच ते पेरलं. न्यूझीलंडच्या डोंगरात थार नावाचे केसाळ रानबोकड आहेत. ते फार माजलेत, म्हणून त्यांची शिकार करायला परवानगी मिळते, असं त्याला कळलं होतं. दोघांनी आयुष्यात डासापलीकडे काही मारलेलं नाही. ती दरी दोघांनी पाहिलेली नाही. तरी जूनच्या सुट्टीची तिकिटं आधी काढली आणि विचार करायला मागून बसले.

बेत असा होता. बंदूक आणि परवाना असलेला तिथला एक वयस्क शिकारी तिसऱ्या दिवशी दरीत येऊन त्यांना भेटणार. पहिले दोन दिवस या दोघांनी आपले आपण जायचं, तंबू ठोकायचा आणि जनावरं कुठे दिसतात ते हेरून ठेवायचं. त्या भल्या माणसाने ईमेलमध्ये एकच सूचना केली होती. दरीच्या उन्हाच्या बाजूलाच राहा, सावलीच्या बाजूला पाऊल टाकू नका.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. सुबोधने लाल पेन काढलं आणि उत्तरेकडच्या डोंगरावर तंबूच्या जागेची फुली मारली.

"उन्हाची बाजू म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेला उतार," तो म्हणाला. "सह्याद्रीत वीस वर्षं हिंडलोय मी. थंडीत तंबू नेहमी दक्षिणेच्या उतारावर लावायचा, दिवसभर ऊन मिळतं."

"तू म्हणशील तसं," संजीव म्हणाला. "डोंगरातलं तुला कळतं. मी आपला पाठीवर ओझं घेऊन येतो."

मित्रांनो, मला कपाळ असतं तर मी तेव्हाच बडवून घेतलं असतं. अरे, त्या देशात सूर्य उत्तरेकडून जातो. दक्षिणेचा उतार म्हणजे जूनमध्ये दिवसभर सावली आणि पायाखाली काचेसारखा बर्फ. पुण्याचं ऊन खिशात घालून हा गृहस्थ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघाला होता. आणि वाट दाखवायला कोणाला नेणार, तर मला.

कारण तेवढ्यात त्याला माझी आठवण झाली. मला फ्रीजवरून उतरवलं, शर्टाला पुसलं. सुई जराशी दक्षिणेकडे झुकली होती, कारण सिंगापूरच मुळी आपल्या देशापेक्षा बरंच खाली आहे. मी जीव तोडून सांगत होतो की बाबा रे, इथेच माझा तोल गेलाय, तिथे मी पार आडवा होईन. सुबोधने मला डबा हलवावा तसा खडखडवला.

"म्हातारं झालंय," तो म्हणाला. "पण चालेल. आबांचं आहे, मी हेच नेणार."

"फोनमध्ये कंपास आहे ना, पपा," सोफ्यावरून त्याची लेक जाई म्हणाली. "व्हाय सो लेचे, लाह."

लेचे म्हणजे इथल्या बोलीत कटकटीचं. पोरीचं चुकलं नव्हतं, पण दरीत फोनची बॅटरी थंडीने मान टाकते, हेही खरं. आणि खरं सांगू का, मला जायचं होतं. इतक्या वर्षांनी डोंगर दिसणार होता. पण ज्याने मला तळहातावर जपलं त्याच्या मुलाला मी चुकीच्या वाटेने न्यावं, हे मला कसं सोसावं? सांगायला तोंड नाही, अडवायला हात नाहीत. तीन आठवडे मी नुसता धुमसत होतो.

सुबोधची बायको सुचित्रा पहिल्यापासून या बेताच्या विरोधात होती. पण तिला कोणी विचारलंच नव्हतं. निघायला आठ दिवस उरले असताना तिने पापड्या घातल्या आणि हाताला लागलं म्हणून मला कागदावर ठेवलं. त्यावरून सुबोध भडकला.

"अगं, आबांची वस्तू आहे ती. पापड्यांवर काय ठेवतेस? आणि पापड्या किचनच्या खिडकीत कशाला? हॉलमध्ये घाल की. हॉल दक्षिणेला आहे."

"हॉलमध्ये आता ऊन नसतं."

"दक्षिणेला ऊन नसतं म्हणजे काय?"

सुचित्राने हातातली पळी खाली ठेवली. "सुबोध, अकरा वर्षं मी या घरात पापड्या वाळवतेय. जानेवारीत हॉलमध्ये घालते, एप्रिल लागला की किचनमध्ये. मे-जूनला ऊन या बाजूनेच येतं. ही बाजू कुठली आहे, ते तुझ्या त्या यंत्रालाच विचार."

सुबोधने खाली पाहिलं. मी पापड्यांवर आडवा पडून, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, खिडकीकडे बोट दाखवत होतो. उत्तर.

"इथेच सूर्य उत्तरेला आहे," ती म्हणाली, "मग तू चाललायस तिथे, अजून खाली, तो कुठे असेल?"

सुबोध खुर्चीत बसला. नकाशा ओढून त्याने लाल फुलीवर बोट ठेवलं. मग त्याने त्या शिकाऱ्याला लिहून विचारलं की उन्हाची बाजू म्हणजे कुठे तोंड असलेला उतार. तासाभरात उत्तर आलं, आणि ते उत्तर 'उत्तर' हेच होतं. खाली त्याने एक ओळ जोडली होती. दक्षिणेकडच्या उतारावरून घसरलेल्या माणसांना शोधायला मीच जातो, त्यातली बोलण्याच्या अवस्थेत थोडीच सापडतात.

सुबोधने ते सुचित्राला वाचून दाखवलं. ती त्याच्याजवळ बसून राहिली.

मग त्याने मला हातात घेतलं. या वेळी खडखडवलं नाही. झुकलेली सुई पाहिली, तारेचा वेढा पाहिला आणि माझी डबी शोधून काढली. झाकणातल्या मखमलीखाली एक घडी केलेली चिठ्ठी होती. ती तिथेच होती, आधीपासून. आबांचं अक्षर, सरकारी भाषा: "वेढा दक्षिण टोकास. बदली झाल्यास वेढा तपासावा."

"बदली," सुबोध म्हणाला. "अकरा वर्षं झाली माझी बदली होऊन. मी काहीच तपासलं नाही."

त्याने मला नेलं नाही. तिथल्यासाठी बनवलेलं नवं होकायंत्र घेतलं, तंबूची जागा बदलली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आबांनीही हेच केलं असतं. दोघं दहा दिवसांनी धडधाकट परत आले. थार एकही मिळाला नाही. ते उत्तरेच्या उतारावर उन्हात बसलेले त्यांनी लांबून पाहिले, तेवढंच.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. गाव बदललं, देश बदलला, की जुनी खात्री एकदा तपासून घ्या. घरात जो रोज ऊन बघतो त्याला विचारायला लाजू नका. आणि कृपा करून मला पुन्हा त्या फ्रीजवर ठेवू नका.

परत आला त्या दिवशी सुबोधने बॅग दारातच टाकली आणि बूट न काढता किचनमध्ये आला. सुचित्रा ओरडणार होती, पण थांबली. त्याने मला पापड्यांवरून उचललं, तळहातावर आडवं धरलं आणि काचेवर नखाने दोनदा टकटक केलं. मग मी शांत होईपर्यंत तो गप्प उभा राहिला.