संस्थापकांच्या गाडीचा उतार

वारसा समितीची कामाची पद्धत साधी होती: आधी पाटी, मग पुरावा. लोक याला आधी कळस मग पाया म्हणत, पण लोकांना पितळेच्या ओतकामातलं काय कळतं? साचा एकदा केला की त्यातून एक पाटी काढा नाहीतर शंभर, कटकट तेवढीच. तेव्हा समितीने एकाच मजकुराच्या ढीगभर पाट्या ओतून घेतल्या, ‘शहराचे संस्थापक येथे विसावले होते’, आणि मग ते कुठे कुठे विसावले असतील याचं संशोधन सुरू केलं.

संशोधन जोरात झालं. संस्थापक शाळेच्या कुंपणाशी विसावले, पाण्याच्या टाकीखाली विसावले. दातांच्या दवाखान्यात तर दोनदा विसावले, कारण दवाखान्याला दोन दारं होती.

“हा माणूस सारखा बसूनच होता, तर शहर वसवलं कुणी?” घड्याळजींची बायको गिऱ्हाइकांना विचारायची, आणि दुरुस्तीला उशीर झालेली गिऱ्हाइकंसुद्धा हसायची. तिचं स्वतःचं हसू मावळलं ते एका सकाळी. दुकान उघडायला गेली तर दारात समितीचे सचिव उकिडवे बसलेले.

“काय करताय भाऊसाहेब?”

“अभिनंदन वहिनी,” तोंडात स्क्रू धरून सचिव म्हणाले. “तुमच्याकडेही विसावले.”

सचिव औषधांचं दुकान मुलाच्या गळ्यात घालून इतिहासात आले होते. कुठलीही गोष्ट दिवसातून तीनदा सांगायची सवय तेवढी मागे राहिली होती. त्यांनी तिला तीनदा सांगितलं, की पाटी लागलेल्या वास्तूला समितीच्या परवानगीशिवाय कुणी हात लावू शकत नाही, तसा नगर कार्यालयाचा हुकूमच आहे. तिला पहिल्यांदाच समजलं होतं. म्हणून तर ती भिंतीला टेकली होती.

कारण त्याच दिवशी गवंडी येणार होता.

दुकान पुढे आणि राहायची खोली मागे, अशी त्यांची एकच जागा. बाहेर पडायला एकच वाट, दुकानाच्या दारातून, आणि दाराबाहेर गुडघाभर उंचीची लांबरुंद दगडी पायरी. बाजारातलं मोठं घड्याळ लावताना घड्याळजी शिडीवरून पडले, तेव्हापासून हात शाबूत आणि पाय नुसते सोबतीला. दिराने चाकाची खुर्ची आणून दिली, पण खुर्ची पायरीपाशी येऊन थांबायची. सुरुवातीला शेजारचे चौघे हौसेने खुर्चीसकट उचलून खाली ठेवत. मग त्यांतल्या एकाची कंबर धरली, दुसऱ्याला नेमकं तेव्हाच काम निघायला लागलं, आणि एक दिवस घड्याळजी म्हणाले, “पुरे. मी काय कपाट आहे?”

त्यानंतर ते बाहेर पडले नाहीत. पूर्वी रोज संध्याकाळी नाक्यावरच्या चहाच्या दुकानात जाऊन जगातल्या सगळ्या सरकारांना शिव्या देऊन यायचे. उरलेल्या शिव्या घरी आणायचे आणि त्यावरून नवराबायकोचं भांडण व्हायचं. आता दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचे. तिने चहा मुद्दाम पांचट केला तरी पिऊन टाकायचे. भांडत नव्हते. तिला पायांची सवय झाली होती. या गप्प बसण्याची होत नव्हती.

गवंड्याने पाटी वाचली, हातोडा पिशवीत परत घातला. “ताई, मी हातावर पोट घेऊन जगतो. हा माणूस तुमच्या दारात बसला, मला तुरुंगात बसवू नका.”

ती समितीकडे गेली. समितीची बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायची. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. प्रत्येक निर्णयाला ‘तूर्तास’ लावल्यामुळे त्यांचा एकही निर्णय आजवर चुकला नव्हता. सगळे त्यांना तूर्तास सर म्हणत, अर्थात माघारी.

“तूर्तास बसा,” अध्यक्ष म्हणाले. “तिथे नको! ती खुर्ची जुनी आहे.”

ती उभी राहिली. “सर, आमची पायरी अर्धी फोडून उतार करायचाय. यांना बाहेर पडता येत नाही.”

“फोडून?” आपलाच गुडघा फोडायला कुणी परवानगी मागावी तसं अध्यक्षांनी पाहिलं. “बाई, त्या पायरीवर संस्थापक…”

“ती पायरी माझ्या सासऱ्यांनी बसवली. गटाराचं पाणी दुकानात शिरायचं म्हणून उंच धरली. मी लग्न होऊन आले तेव्हा कडेचं सिमेंट ओलं होतं. माझ्या चपलेचा ठसा आहे त्यात.”

सचिव हळूच पुढे झुकले. “तो ठसा तुमच्या चपलेचा आहे?”

“माझ्याच. डाव्या.”

“तूर्तास हे कुठे बोलू नका,” अध्यक्ष म्हणाले. “त्या ठशावर आमचा लेख आलाय.”

मग मात्र समितीचं मन द्रवलं. माणसं वाईट नव्हती. घड्याळजींना आपल्या रस्त्याची जुनी छायाचित्रं चौकटीत घालून भेट द्यावीत असं एकमताने ठरलं. “नाहीतरी बाहेर आता बघण्यासारखं राहिलंय काय?” सचिव म्हणाले. “जे होतं ते सगळं आमच्या कपाटात आहे.”

घरी येऊन तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं, सचिवांच्या आवाजाची नक्कल करून. एरवी घड्याळजींनी त्या औषधवाल्याच्या तीन पिढ्या उद्धरल्या असत्या. ते म्हणाले, “ठीक आहे.”

त्यांना बोलतं करायचं म्हणून ती काहीबाही करायची. त्या दिवशी तिने पाटीबरोबर फुकट मिळालेली समितीची पुस्तिका मोठ्याने वाचायला घेतली. “‘दिवसभराच्या खडतर प्रवासानंतर, मालाने भरलेल्या घोडागाडीसह, संस्थापक या पायरीवर विसावले.’”

भिंग खाली आलं. “घोडागाडीसह?”

“असं लिहिलंय.”

“पायरीवर? घोडा जिना चढून आला का?” आणि परत भिंग लावता लावता, “गाढवं लेकाची.”

एवढंच. पण कित्येक दिवसांत प्रथमच त्यांच्या तोंडून एक अख्खी शिवी आली होती. तिला तेवढा धागा पुरला.

पुढच्या बैठकीला ती पुन्हा जाऊन उभी राहिली. या वेळी तिने उताराचं नावच काढलं नाही. “सर, एक विचारायचं होतं. नदीपलीकडच्या समितीचे एक गृहस्थ घड्याळ घेऊन आले होते. म्हणत होते, तुमच्या पायरीवर गाडी चढली कशी? त्यांच्याकडे म्हणे उतार आहे. संस्थापक तिकडेच विसावले म्हणतात.”

ही शुद्ध थाप होती, पण त्या खोलीत थापेला परकं वाटावं असं काही नव्हतं.

“पलीकडे?” सचिव उठूनच उभे राहिले. “पलीकडे तेव्हा चिखल होता! विसावायला तो काय म्हैस होता?”

“तूर्तास शांत व्हा.” अध्यक्षांचाही चेहरा उतरला होता. “प्रश्न रास्त आहे. गाडी आहे, म्हणजे उतार असणार. पायरीच्या अर्ध्या भागात असावा. नंतर कुणीतरी अज्ञानाने बुजवला.”

“माझे सासरे,” ती म्हणाली. मेलेल्या माणसाचा एवढा उपयोग करायला हरकत नव्हती.

“पण शोधून सापडला नाही तर?” एका सदस्याने विचारलं.

“सापडेल,” अध्यक्ष म्हणाले. “बांधला की सापडेल.”

असा तो उतार सापडायला सुरुवात झाली. ठशाची आणि पाटीची बाजू तशीच ठेवून उरलेली पायरी फोडायचं ठरलं. गवंडी आला, सचिव छत्री घेऊन शेजारी उभे राहिले आणि पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं.

“जरा भेगा ठेवा,” सचिव म्हणाले.

“कसल्या भेगा?”

“जुन्या.”

“साहेब, भेग पडू नये म्हणून उभा जन्म गेला माझा. तुम्हाला भेगाच पाहिजेत तर माझ्या मेव्हण्याला बोलवा, त्याचं सगळं कामच ऐतिहासिक असतं.”

शेवटी सचिवांनी ओबडधोबड दगड निवडून आणवले आणि टोकं वर करून बसवायला सांगितलं. संस्थापकांच्या काळी सपाटपणाचा शोध लागला नव्हता, असं त्यांचं मत होतं. घड्याळजींच्या बायकोने दारातून ते पाहिलं आणि तिचा जीव खालीवर झाला. त्या टोकांवरून खुर्ची काय, बकरीही धड उतरली नसती. इतकं करून हाताशी आलेलं जाणार! ती तशीच अध्यक्षांच्या घरी गेली.

“सर, मला अडाणी बाईला एक सांगा. एवढी जड गाडी रोज चढायची-उतरायची, तर दगड झिजले नसतील का हो? चाकोऱ्या पडल्या असतील ना?”

अध्यक्षांनी चष्मा काढला. असा मुद्दा स्वतःला सुचला नाही याचं दुःख त्यांना थोडाच वेळ झालं. संध्याकाळपर्यंत तो त्यांना सुचला होता.

चाकोऱ्यांचं माप गवंड्याला तिनेच दिलं. खुर्चीच्या दोन चाकांमधलं अंतर तिने सुतळीने मोजून ठेवलं होतं. दोन गुळगुळीत, उथळ पन्हळी वरपासून रस्त्यापर्यंत तयार झाल्या. समिती पाहायला आली.

“गाडी फारच अरुंद दिसते,” अध्यक्ष म्हणाले.

“रस्ते अरुंद असतील,” सचिव म्हणाले.

“रस्ते तर नव्हतेच.”

“म्हणूनच.”

“आणि घोडा? एवढ्या गाडीला घोडा कसा मावला?”

“घोडा सडपातळ होता,” घड्याळजींची बायको म्हणाली, आणि सचिवांनी ते लिहून घेतलं.

उद्घाटनाच्या दिवशी तिने नवऱ्याची दाढी करून दिली, इस्त्रीचा शर्ट घातला. घड्याळजी कुरकुरले नाहीत, पण हात मांडीवर टेकत नव्हते. खुर्ची दारात आणून ठेवली, तर खाली सचिव उताराच्या तोंडाशी दोन खांब रोवून त्यांना साखळी अडकवत होते. साखळीला बोर्ड होता: ‘प्राचीन चाकोऱ्या. कृपया पाऊल ठेवू नये.’

“हे काय भाऊसाहेब?”

“वारसा आहे वहिनी, झिजेल.”

“झिजलेलाच आहे ना तो?”

“तेवढाच झिजलेला राहायला हवा. वर्षातून एकदा उघडू, समितीच्या वर्धापनदिनी.”

ती वळून नवऱ्याकडे बघायला घाबरली. मागून आवाज आला. “पाऊल ठेवू नये! तो नियम मी कधीपासून पाळतोय.”

त्या आवाजात हसू नव्हतं.

माणसं जमली. तिच्या हातात कात्रीचं तबक देऊन तिला फितीजवळ उभं केलं. अध्यक्ष ध्वनिक्षेपकापुढे आले आणि बोलू लागले. संस्थापकांच्या बालपणापासून सुरुवात केली. त्यांच्या तारुण्यापर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. दारात बसलेले घड्याळजी समोरच्या रस्त्याकडे बघत होते. नाक्यावरच्या चहाच्या दुकानाची ताडपत्री तिथून जेमतेम दिसत होती. मग त्यांनी मान खाली घातली आणि खुर्ची मागे वळवायला चाकाला हात लावला.

तिने तबक सचिवांच्या हातात दिलं. सभ्य माणूस, समोर आलेलं तबक घेतोच. तिने वाकून साखळी काढली, बोर्डासकट बाजूला ठेवली आणि वर बघून ओरडली, “अहो! बसलात काय? या!”

घड्याळजींनी क्षणभर बायकोकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ढकलली.

सुतळी चुकली नव्हती. चाकं चाकोऱ्यांत बसली आणि खुर्ची खडखडत खाली सुटली. लोक बाजूला पांगले, फीत छातीला लागून तुटली आणि तिची दोन टोकं खांद्यांवरून उडवत घड्याळजी थेट रस्त्याच्या मध्यावर जाऊन थांबले. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तो कार्यक्रमाचाच भाग असावा असं समजून सगळ्यांनी वाजवल्या.

सगळ्यांचे डोळे अध्यक्षांवर. अध्यक्षांनी साखळीकडे पाहिलं, तबक धरलेल्या सचिवांकडे पाहिलं, वाजणाऱ्या टाळ्यांकडे पाहिलं.

“तूर्तास…” त्यांनी घसा साफ केला. “संस्थापक याच पद्धतीने, रोज, या उतारावरून उतरत असत. त्याचं हे प्रात्यक्षिक.”

ध्वनिक्षेपकावरून एकदा बोललं गेलं की तो इतिहास, हाही समितीचा रिवाजच होता. ‘रोज’ म्हणून बसल्यावर साखळी परत लावायची कशी? सचिवांनी ती गुंडाळून पिशवीत टाकली. लोक घड्याळजींचं अभिनंदन करायला वळले, तर रस्त्यावर ते नव्हतेच. खुर्ची नाक्याचं वळण घेत होती.

ती दुपारभर एकटी दुकानात बसली. गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशी दोन शब्द बोलायची आणि परत दाराकडे बघायची. संध्याकाळी चहाच्या दुकानातल्या दोघांनी घड्याळजींना उतारावरून वर ढकलून दिलं आणि ते दोघे पळाले, कारण घड्याळजी रस्ताभर बोलतच आले होते.

“चहाच्या दुकानातलं घड्याळ मागे पडलंय. भिंतीवर नुसतं टांगून ठेवलंय बैलांनी! कोपऱ्यावरचा चांभार दुकान विकून गेला. आणि हे मला आज कळतंय? तू रोज बाजारात जातेस, डोळे काय घरी ठेवून जातेस?”

“मी जाते ते भाजी आणायला, तुमच्यासाठी बातम्या गोळा करायला नाही!”

“भाजी! तिला भाजी म्हणायची? आणि तो चहा! महिनाभर मला धुवण पाजलंस!”

“प्यायलात ना मुकाट्याने?”

“मुकाट्याने प्यायलो म्हणून गोड लागला असं समजलीस?”

आवाज इतके चढले, की शेजारचे दोघे मध्ये पडायला धावत आले. तिने त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.