रिकामी ठेवायची खोली

नागावच्या अलीकडे आमची वाडी. तिथल्या प्राथमिक शाळेला जपानी तत्त्वज्ञान मिळालं, तेव्हा मुलींना अजून धड संडास नव्हता.

जुनी चौकोनी शाळा पाडून नवी उभी केली ती रुचिकाने. ही मुंबईची आर्किटेक्ट. समुद्राला लागून तिचा शनिवार-रविवारचा बंगला आहे, म्हणून आमचं भलं करायचा हक्क तिला आपोआपच मिळाला. जगण्याच्या हेतूला जपानी लोक इकिगाई म्हणतात, हे तिने आम्हा शिक्षिकांना कान किटेपर्यंत सांगितलं. त्याची वर्तुळं चार: आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते आणि ज्याचे पैसे मिळतात ते. म्हणून वर्गही चार, गोल, एकमेकांत घुसलेले, मधल्या भिंती कमरेइतक्या. पहिलीचा वर्ग ‘आवड’ आणि माझा चौथीचा ‘मोबदला’. पोरांनी लगेच त्याचं ‘पगार’ करून टाकलं. पोर आवडीत शिरतं आणि चार वर्षांनी पगारातून बाहेर पडतं, यात कुणालाच काही खटकलं नाही. मधोमध जाड भिंतींची, दार असलेली एकच खोली होती. ती हेतूची. ती रिकामी ठेवायची आणि पाहुणे आले की कुलूप काढून दाखवायची.

माझ्या वर्गातल्या आतिफाला एका कानाने ऐकूच येत नाही, दुसऱ्याला मशीन आहे. जुन्या शाळेत ती पहिल्या बाकावर बसून, माझ्या ओठांकडे बघत सगळं शिकायची. नव्या शाळेत पहिला बाकच नव्हता. “इथे कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही,” हे रुचिकाचं आवडतं वाक्य. बाईंनी गोल फिरत शिकवायचं, म्हणजे निम्मा वेळ माझी पाठ आतिफाकडे. त्यात वर घुमट. पहिलीची बडबडगीतं आणि दुसरीचे पाढे तिच्या मशीनमध्ये एकदम आदळायचे. तिने मशीन दप्तरात टाकलं आणि वाचणंही सोडलं.

मी रुचिकाला सांगितलं. “आवाज एकमेकांत मिसळतात ना? तेच तर हवंय!” असं म्हणून तिने टाळी वाजवली. मला असा संताप आला! पण मी सरकारी नोकर, म्हणून हसले.

मग आतिफाची आई हुस्नबानू आली. तिचा नवरा कुवेतला असतो. “बाई, दाखला द्या पोरीचा. घरी कामं तरी शिकंल. इथं तर पार मुकी व्हायला लागलीय.”

“सोमवारपर्यंत थांबा,” मी म्हणाले.

त्याच दुपारी मी हेतूच्या खोलीचं कुलूप काढलं, चौथीचा अख्खा वर्ग बाकांसकट आत नेला, आतिफाला माझ्या समोर बसवलं आणि दार लोटलं. बाहेरचा गलका थांबला. तिने आपण होऊन मशीन कानात घातलं. शनिवारी अडखळत का होईना, तिने अख्खा धडा वाचून दाखवला.

सोमवारी हुस्नबानू दाखल्यासाठी दारात येऊन उभी, आणि तिच्या मागोमाग रुचिका, पाहुण्यांना घेऊन. बाक बघून ती किंचाळलीच. “ही खोली रिकामीच हवी! रिकामेपण हाच तिचा अर्थ आहे!”

पाहुण्यांनी मोबाइल वर धरले तशी ती सावरली. आतिफाच्या खांद्यावर हात ठेवून, मोबाइलकडे बघत तिने विचारलं, “बाळा, तुझ्या आयुष्याचा हेतू काय?”

आतिफाने माझ्याकडे बघितलं.

“हरकत नाही. हिला तो अजून सापडला नाहीये,” रुचिका पाहुण्यांना म्हणाली.

“बाई,” आतिफाने मोठ्यांदा मला विचारलं, “ह्या मला काय विचारत हायत का? तोंड तिकडं करून बोलतात.”

पाहुण्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. रुचिकाचं तोंड उतरलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण असली माणसं लाजून थांबत नाहीत. “बाक बाहेर काढा आणि चावी माझ्याकडे द्या,” ती म्हणाली.

चावी माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स उघडलीसुद्धा.

तेवढ्यात हुस्नबानू बुरखा सावरून उंबऱ्यावर ऐसपैस बसली.

“दाखला राहू दे, बाई,” ती मला म्हणाली. मग घरी आतिफाशी बोलते तशी तोंड नीट समोर धरून, एकेक शब्द सुटा करत रुचिकाला म्हणाली, “लावा. आता. कुलूप.”