सासऱ्यांची धून

"काका, इथे बसता येणार नाही. हा कोपरा कलाकारांचा आहे."

मॉर्टी हॅनलीने वर पाहिलं. पबमधला वेटर नवा होता.

"मी याच कोपऱ्यात बसतो," मॉर्टी म्हणाला.

"बुकिंग आहे?"

मॉर्टीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. याच भिंतीला त्याचं आणि त्याच्या बायकोचं, डीलियाचं, डोकं टेकून टेकून रंग उडाला होता. आता तिथे नवा रंग होता आणि समोर लाकडी मंच. दारावर पाटी लागली होती, 'अस्सल आयरिश संगीत, रोज'. अस्सलला पाटी लावावी लागत नाही हे डब्लिनमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण पाटी पोराटोरांसाठी नव्हती, परदेशी पाहुण्यांसाठी होती. मंचावरचे तिघे वाईट वाजवत नव्हते, हेही खरं. फक्त ते गर्दीकडे तोंड करून, माईकमध्ये वाजवत होते. बैठकीत माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात, बाकीच्यांना नुसत्या पाठी दिसतात.

बासरीची पेटी काखेत मारून तो उठला. रागही आला नाही. फेब्रुवारीत डीलिया गेल्यापासून काहीच येत नव्हतं, ना राग ना रडू. मातीला आलेली माणसं म्हणाली, मॉर्टी धीराचा हो. धीर कसला डोंबलाचा! आतलं इंजिनच बंद पडलं होतं. त्याचा जन्म बसच्या गॅरेजमध्ये गेला होता. कुठलंही इंजिन रुसलं की कुठे हात घालायचा ते त्याला कळायचं. हे मात्र कुठून उघडायचं तेच कळत नव्हतं. सकाळी उठायचं, चहा करायचा, दुसरा कप परत कपाटात ठेवायचा. एवढंच चाललं होतं.

एकच काम तेवढं उरलं होतं. डीलियाच्या वडिलांची एक धून होती. स्लायगोकडची, बिननावाची. बिननावाची धून मुळात ज्याच्याकडून आली त्याच्या नावाने चालते, म्हणून मॉर्टीपुरती ती 'सासऱ्यांची'. लग्नानंतर डीलियाने त्याला ती स्वयंपाकघरात शिकवली आणि पहिल्याच दिवशी त्याने घोळ घातला. धुनेच्या उत्तरार्धात एक सूर शुद्ध होता, तो त्याने कोमल लावला. बोटांना तीच सवय लागली ती लागलीच.

"परत कोमल!" डीलिया फिडलचा, म्हणजे व्हायोलिनचा, गज थांबवून ओरडायची. "मॉर्ट्या, माझ्या बापाने असं वाजवलं असतं तर गावाने त्याला खाडीत फेकला असता."

बैठकीत ती ही धून कधी धरायची नाही. लोकांत माझं नाक कापशील, म्हणायची. आणि हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी तिने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "एकदा तरी चार माणसांत बसून सरळ वाजव रे. माईकसमोर नको हं, खऱ्या बैठकीत." ती थट्टा होती की इच्छा, हे विचारायचं राहून गेलं. मॉर्टीने ती इच्छाच धरली. रिकाम्या स्वयंपाकघरात बसून तो तो एक सूर घोटत राहिला आणि म्हातारी बोटं अखेर वळली. आता फक्त बैठक हवी होती, आणि शहरात ती सापडत नव्हती.

"तू नदीकाठच्या पबांत काय शोधतोयस, खुळ्या?" गॅरेजमधला जुना दोस्त पॅकी फोनवर म्हणाला. "तिथे सूप नि सूर एकाच मेनूकार्डावर मिळतात. स्टोनीबॅटरला जा, हॅरिगनकडे, रविवारी दुपारी. पाटीबिटी नाही. टीव्ही आहे, पण वाजवणारे आले की म्हातारा तो बंद करतो. हर्लिंगची फायनल नसली तर!"

रविवारी मॉर्टी गेला. हॅरिगनच्या पबात ओल्या कोटांचा वास होता. मागच्या कोपऱ्यात एका टेबलाभोवती पाच-सहा पाठी दिसल्या, आणि त्याला कळलं, हीच ती. न बोलावता त्या कोंडाळ्यात बसायचं नसतं. त्याने जवळचं स्टूल घेतलं, काळ्या बिअरचा ग्लास समोर ठेवला आणि पेटी मांडीवर, दिसेल अशी.

दोन धुना झाल्यावर फिडलवाली बाई वळली. चाळिशीची, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"काका, पेटीत बासरी आहे की जेवणाचा डबा?"

"बासरी आहे."

"मग उपाशी का ठेवलीत तिला? या इकडे. सरक रे डेक्लन, बूड हलव."

डफवाला डेक्लन कुरकुरत सरकला. मॉर्टीने बासरीचे तुकडे जोडले, फुंकर घातली. तो त्यांच्यामागून वाजवत राहिला. सूर बरोबर लागत होते. टेबलाखाली सगळ्यांचे पाय ताल देत होते, त्याचा तेवढा गप्प होता. एके काळी तो पाय इतका जोरात आपटायचा की डीलिया टेबलाखालून आपला पाय त्यावर दाबून ठेवायची.

"आता तुम्ही धरा एखादी," बाई म्हणाली. तिला सगळे ग्रोन्या म्हणत होते.

मॉर्टीने सासऱ्यांची धून धरली. त्याला वाटलं होतं, एकट्यालाच वाजवावी लागेल. पण चार सूर झाले नाहीत तोच ग्रोन्याचा गज चालू लागला, मागोमाग बाकीचे आले. त्याला आश्चर्य वाटायला हवं होतं. पण त्याचं सगळं लक्ष पुढच्या त्या एका सुराकडे होतं. उत्तरार्ध आला. त्याने बोट नीट ठेवलं, शुद्ध सूर लावला.

आणि अख्ख्या टेबलाने कोमल लावला.

भातात खडा लागावा तसं झालं. आपणच चुकलो असं त्याला वाटलं. पुढच्या फेरीत त्याने जपून, ठासून शुद्ध लावला. पुन्हा तेच. ग्रोन्याने गज उचलला आणि सगळे थांबले. धून अर्ध्यावर तोडणं म्हणजे बैठकीत मोठीच गोष्ट.

"काका, राग मानू नका. तिथे कोमल आहे."

"शुद्ध आहे," मॉर्टी म्हणाला. "मूळ शुद्धच आहे."

"मूळ असेल हो. पण मग ती वेगळी धून. ही 'मॉर्टीची चूक'."

"काय म्हणालात?"

"नाव आहे हे धुनेचं. डीलियाबाई म्हणून आमच्या मास्तरीण होत्या, दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये फिडल शिकवायच्या. शुद्ध लावला की गजाने टपली मारायच्या. म्हणायच्या, माझ्या बापाची धून बिचारी नाकासमोर चालणारी होती, आमच्या घरच्या गाढवाने चूक केली तेव्हा कुठे तिच्यात जीव आला." ग्रोन्या हसली. "आणि वर दटावायच्या, त्याच्या कानावर जाऊ देऊ नका, शेफारेल. मग मी या सगळ्यांना शिकवली. गेल्या म्हणे बाई हिवाळ्यात. मी तेव्हा कॅनडात होते, मातीलाही पोचले नाही."

म्हाताऱ्या हॅरिगनने हॅम सँडविचची बशी आणून टेबलावर ठेवली आणि तो गेला. मॉर्टी बासरीचं तोंड रुमालाने पुसत राहिला. कोरडं होतं तरी पुसत राहिला.

"तुमचं नाव काय म्हणालात?" डेक्लनने तोंडात घास ठेवून विचारलं.

"म्हणालो नाही," तो म्हणाला. मग रुमाल खिशात कोंबला. "मॉर्टी. मॉर्टी हॅनली."

डेक्लनचं चावणं थांबलं. ग्रोन्या त्याच्याकडे बघत राहिली. तिने सांत्वन केलं नाही, हात हातात घेतला नाही. या माणसांना ते जमत नाही, आणि जमत नाही तेच बरं. एकदा झालेली धून त्या दुपारी पुन्हा धरायची नाही, असा बैठकीचा रिवाज आहे. तो मोडणाऱ्याकडे लोक तिरकं बघतात. ग्रोन्याने फिडल हनुवटीखाली घेतली आणि तीच धून पहिल्यापासून धरली. एकेक करून सगळे आले. मॉर्टीही आला.

उत्तरार्ध आला तेव्हा त्याला काही ठरवावं लागलं नाही. बोट आपल्या जुन्या वाटेने गेलं आणि टेबलावर एकच सूर लागला, कोमल. पुढच्या फेरीत त्याच्या लक्षात आलं, टेबलाखाली आपला पाय आपटतोय. पूर्वीसारखाच, बेताल नाही पण फार जोरात. ग्लासातली बिअर हिंदकळत होती. वाजवता वाजवता त्याने थोडी वाट पाहिली. त्यावर कोणाचा पाय आला नाही. तो तसाच आपटत राहिला.